जुन्या माउंटन बाइकची किंमत कशी ठरवली: इंदूरमधील अनुभव

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुलाची जुनी माउंटन बाइक विकायचे ठरले, तेव्हा तिची किंमत किती सांगावी या प्रश्नाला मला ९०० रुपयांपासून १८,००० रुपयांपर्यंत उत्तरे मिळाली. आणि उत्तर देणारा प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबरच होता. ९०० सांगणारा अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, धातूचा भाव सांगत होता, ४,००० सांगणारा दुकानदार नवी सायकल घेतल्यास किती सूट देईल ते सांगत होता, आणि १८,००० हा आकडा तशाच सायकलींच्या जाहिरातींत विकणाऱ्यांनी स्वतः लिहिलेला होता. या सगळ्यांतून आपल्या सायकलीची खरी किंमत कशी काढायची, हे मला कोणी एका ठिकाणी सांगितले नाही. म्हणून सौदा पूर्ण झाल्यावर सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

मोटारसायकल विकताना निदान नोंदणीचे पुस्तक असते आणि विम्याच्या कागदावर वाहनाची एक किंमत छापलेली असते. सायकलीला नोंदणी नाही आणि बहुधा विमाही नाही. अमेरिकेत ‘बायसिकल ब्लू बुक’ नावाची सेवा जुन्या सायकलींच्या किमती सांगते, पण ते आकडे तिथल्या बाजाराचे असतात. ते डॉलरमधून रुपयांत बदलून इंदुरात कोणी सायकल घेत नाही.

आमची सायकल मार्च २०१४ मध्ये ३२,५०० रुपयांना घेतलेली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, २६ इंची चाके, पुढे तीन आणि मागे आठ असे २४ गिअर, दोन्ही चाकांना केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आणि पुढे १०० मिलिमीटर दबणारा सस्पेन्शन फोर्क, ज्याला आपल्याकडे सगळे शॉकअप म्हणतात. मुलाने ती सिमरोल घाटात, चोरलच्या बाजूला आणि रालामंडलच्या रस्त्यांवर भरपूर चालवली. नोकरीसाठी तो हैदराबादला गेल्यापासून ती राजेंद्रनगरच्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली उभी होती. “आई, पडून गंजण्यापेक्षा कोणाच्या तरी उपयोगी पडू दे,” असे त्याने फोनवर सांगितले आणि काम माझ्याकडे आले.

मी आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी केली, त्यामुळे पहिला अंदाज घसाऱ्याच्या रीतीने काढला. आयकराच्या नियमांत सर्वसाधारण यंत्रसामग्रीला दरवर्षी शिल्लक किमतीवर १५ टक्के घसारा धरतात. त्या दराने ३२,५०० रुपयांचे ११ वर्षांनंतर सुमारे ५,४४० रुपये उरतात. आकडा बाजारापासून फार दूर नव्हता, हे पुढे कळले. पण तो वस्तूकडे न पाहता काढलेला आकडा होता. एकाच दिवशी घेतलेल्या दोन सायकलींपैकी एक घरात उभी राहिली आणि दुसरी दर रविवारी चिखलात गेली, तरी घसारा दोघींची किंमत सारखीच सांगतो. शिवाय घेणाऱ्याला आपण २०१४ मध्ये काय मोजले याच्याशी काहीच कर्तव्य नसते. तेवढ्या पैशांत आज नवे काय मिळते, आणि आपली सायकल त्या नव्याच्या किती जवळ जाते, एवढेच तो पाहतो. या एका विचाराने पुढचे सगळे सोपे झाले.

गणपती बसण्याच्या आधीच्या आठवड्यात सायकल टेम्पोत घालून जवाहर मार्गाजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. टेम्पोचे २५० रुपये झाले. विकत घेणाऱ्या दुकानात न नेता आधी दुरुस्ती करणाऱ्याकडे नेणे मला महत्त्वाचे वाटते, कारण त्याला किंमत पाडून सांगण्यात काही लाभ नसतो. मी जाताच भाव विचारला, तर त्यांनी हातानेच थांबवले आणि म्हणाले, “आंटीजी, पहले शॉकअप देखूँगा, फिर बोलूँगा.”

त्यांनी पुढचा ब्रेक घट्ट दाबून हँडल मागे-पुढे हलवले. फोर्कच्या वरच्या चकचकीत नळ्या खालच्या जाड नळ्यांत किंचित खडखडत होत्या. मग एक हात हँडलच्या बेअरिंगभोवती धरून तेच पुन्हा केले आणि बेअरिंग घट्ट आहे, झीज फोर्कच्या आतल्या बुशांची, म्हणजे नळ्या ज्यांतून सरकतात त्या कड्यांची, आहे, हे मला बोटांना जाणवू दिले. नळ्यांवर गंज नव्हता, खोल चराही नव्हता. असा फोर्क साध्या रस्त्यावर आणि हलक्या कच्च्या वाटेवर चालतो. मात्र तो बदलायचा झाल्यास नव्या फोर्कची किंमत या सायकलीच्या किमतीलाच भिडते, म्हणून तो आहे तसा ठेवून किमतीतून वजा करावा, असे त्यांचे मत पडले आणि ते मला पटले.

त्यानंतर चेन. त्यांनी पोलादी पट्टी चेनवर ठेवून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरले. नव्या चेनच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे २४ अंतरे मोजली की बरोबर १२ इंच भरायला हवेत. बारा इंचांवर एक सोळांश इंच अधिक भरले तर चेन बदलायची वेळ झालेली असते. एक अष्टमांश भरले तर बहुधा मागचे दातेही घासलेले असतात आणि त्यांच्यावर नवी चेन घातली तर ती जोर लावताच निसटते. आमची पिन पट्टीच्या बारा इंचांच्या रेघेपासून स्पष्ट पुढे, जवळजवळ एक अष्टमांशावर होती. म्हणजे चेन आणि मागची कॅसेट (आठ दातेरी चकत्यांचा संच), दोन्ही घेणाऱ्याच्या माथी येणार होते. ही मोजणी घरी कंपासपेटीतल्या पोलादी पट्टीनेही करता येते, आणि सायकल विकणाऱ्याने ती करून ठेवावीच.

बाकीची तपासणी लवकर झाली. मागचे चाक थोडे आऊट होते, ते आरे ताणून सरळ झाले. ब्रेकची डिस्क शिमानो कंपनीची होती. नवी असताना ती १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ वर आली की बदलावी लागते, आमची १.७ भरली. ब्रेकचे पॅड मात्र संपले होते. टायरांच्या बाजूंना उन्हाने बारीक चिरा पडल्या होत्या. शेवटी सायकल उलटी करून पेडलच्या आसाखालची मालव्याची काळी माती त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली. ती सिमेंटसारखी घट्ट बसली होती. तिच्याखाली फ्रेमचा क्रमांक निघाला. तो त्यांनी मुद्दाम माझ्याकडून वाचून घेतला आणि फोटो काढायला लावला. फ्रेमवर, विशेषतः हँडलच्या नळीजवळच्या आणि पेडलच्या आसाजवळच्या जोडांवर, कुठे केसासारखी चीर आहे का हेही त्याच वेळी ओल्या फडक्याने पुसून पाहिले. फ्रेमला चीर असती तर पुढचा सगळा हिशेब तिथेच संपला असता, कारण चिरलेली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम वितळवण्याच्याच कामाची.

या टप्प्यावर मी एक गोष्ट केली, जी माझ्या मते सगळ्यांत उपयोगी पडली. मिस्त्रींना मी उरलेल्या कामाचे अंदाजपत्रक दुकानाच्या पावतीवर, शिक्क्यासह, लिहून मागितले. त्यांनी लिहिले: चेन ७५०, कॅसेट १,०५०, दोन टायर आणि दोन ट्यूब मिळून १,९००, मजुरी ३००; एकूण ४,००० रुपये. ब्रेकचे पॅड ४०० आणि धुणे, तेलपाणी, चाक सरळ करणे व केबल बदलणे मिळून ७०० रुपये, एवढे काम मात्र मी लगेच करून घेतले, कारण ज्या सायकलीला ब्रेक नाही तिच्यावर कोणाला फेरी मारायला देणे योग्य नाही. उरलेली दुरुस्ती मी स्वतः केली असती तर ४,००० घालून किंमत फार तर ३,००० ने वाढली असती, असा मिस्त्रींचा अनुभव होता; घेणाऱ्याला टायर आपल्या पसंतीचे हवे असतात आणि कोणी दुसऱ्याने घातलेल्या वस्तूचे तो पूर्ण पैसे देत नाही. उलट दोष न सांगता ठेवला तर घेणारा खऱ्या खर्चाच्या दुप्पट धरून घासाघीस करतो. खर्च कागदावर असला की त्याला अंदाज बांधायला जागाच उरत नाही.

आता नव्याचा भाव. दोन दुकानांत जाऊन मी आमच्या सायकलीच्या जोडीची नवी सायकल कोणती, हे विचारून घेतले. इथे कंपनीच्या नावापेक्षा गिअरची श्रेणी पाहावी लागते. शिमानोच्या माउंटन बाइकच्या गिअरांत खालून वर टर्नी, अल्टस, एसेरा, अलिव्हिओ, डिओर असा चढता क्रम आहे. आमच्या मागच्या गिअरवर एसेरा लिहिलेले होते, म्हणून त्याच श्रेणीची, डिस्क ब्रेकची सायकल धरली. तिचा ऑगस्टमधला भाव २८,००० रुपये होता.

हा आकडा धरून हिशेब मांडत होते तोच ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला आणि सायकलींवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तोही २२ सप्टेंबरपासून. जुन्या सायकलीचा या कराशी काय संबंध, असे वाटू शकते. पण संबंध थेट आहे. २८,००० मध्ये १२ टक्के कर धरलेला होता, म्हणजे मूळ किंमत २५,०००. तिच्यावर ५ टक्के लावले की २६,२५० होतात. नव्याची किंमत १,७५० ने उतरली की जुन्याचीही त्या प्रमाणात उतरतेच. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तोंडी होकार दिला होता, त्यांनीही “नवीनच पाहतो” म्हणून माघार घेतली, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती, गिरण्यांच्या झांक्यांमुळे, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतल्या सजवलेल्या चित्ररथांमुळे, शहराच्या मध्यभागातले रस्ते रात्रभर गजबजलेले होते. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागला, ज्यात आपल्याकडे खरेदी थांबतेच. घाई करण्यात अर्थ नव्हता. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि नवा दर एकाच दिवशी आले, आणि त्या आठवड्यात दुकानदाराने खरोखर २६,२५० सांगितले.

मधल्या काळात मी जाहिराती पाहिल्या. जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते, सौद्याची किंमत नसते. म्हणून मी इंदूर, उज्जैन आणि देवास इथल्या जाहिराती वहीत टिपून ठेवल्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहिल्या. १५,००० च्या वरच्या जुन्या सायकली जागच्या जागी होत्या. ज्या नाहीशा झाल्या त्यांच्यापैकी काहींना मी फोन करून, मीही विकणारीच आहे हे आधी सांगून, शेवटी किती आले ते विचारले. बहुतेकांनी मोकळेपणाने सांगितले. दोन-तीन वर्षे वापरलेली चांगली सायकल नव्याच्या साधारण निम्म्यात जात होती. २६ इंची सायकली मात्र त्याहून खाली होत्या, आणि त्याला कारण आहे. गेल्या दशकात माउंटन बाइकचे उत्पादन २७.५ आणि २९ इंची चाकांकडे गेले. २६ इंची रिमच्या टायर बसण्याच्या जागेचा व्यास ५५९ मिलिमीटर, २७.५ चा ५८४ आणि २९ चा ६२२, त्यामुळे एकाचे टायर दुसऱ्यावर चढत नाहीत. साधे २६ इंची टायर आजही सहज मिळतात, पण चांगल्या प्रतीच्या टायरांची आणि फोर्कांची निवड कमी होत चालली आहे, हे जाणकार घेणाऱ्याला माहीत असते. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींना जी मागणी आली होती तिच्या आठवणीवर आजही काही जण भाव सांगतात. तो काळ सरला आहे आणि त्या वेळी घेतलेल्या कितीतरी सायकली आता विक्रीला आल्या आहेत.

मग वहीत हिशेब मांडला. नव्याचा भाव २६,२५०. वापरलेली आणि वॉरंटी नसलेली म्हणून निम्मे, म्हणजे सुमारे १३,०००. ११ वर्षांचे वय, २६ इंची चाके आणि फोर्कमधली खडखड यांसाठी आणखी ३,००० वजा, राहिले १०,०००. मिस्त्रींच्या कागदावरचे ४,००० वजा, राहिले ६,०००. सोबतचा पंप आणि कुलूप यांचे ५०० धरले. हेल्मेटचे काहीच धरले नाही. इतक्या वर्षांचे हेल्मेट विकू नये, आतला फोम डोक्याला किती वाचवेल याची खात्री देता येत नाही. अशा रीतीने ६,००० ते ६,५०० हा पट्टा निघाला आणि मागणी ७,५०० ठेवायचे ठरले. या हिशेबातली ३,००० ची वजावट हा माझा निर्णय आहे, नियम नाही. दुसरा कोणी २,००० किंवा ४,००० धरेल. पण प्रत्येक वजावटीचे कारण आपल्याला सांगता आले पाहिजे, कारण समोरचा ते विचारतो.

कागदपत्रांना मात्र अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागला. २०१४ चे बिल फाइलमध्ये सापडले, पण त्यावरची शाई उडाली होती आणि फ्रेम क्रमांकाचे शेवटचे अंक वाचता येत नव्हते. चोरीच्या सायकलींची भीती सगळ्यांनाच असते, त्यामुळे बिलावरचा क्रमांक आणि फ्रेमवरचा क्रमांक जुळणे फार आवश्यक आहे. ज्या दुकानातून सायकल घेतली होती तिथे गेले, तर जीएसटीच्या आधीची, म्हणजे व्हॅटच्या काळातली, बिलबुके गोदामात आहेत, लेखी अर्ज द्या, असे उत्तर मिळाले. साध्या कागदावर अर्ज लिहिला, बिलाची झेरॉक्स, फ्रेमच्या क्रमांकाचा फोटो आणि आधार कार्डाची प्रत जोडली आणि पोच घेतली. दसरा होऊन गेल्यावर दुकानाच्या शिक्क्याचे पत्र हाती आले, ज्यात क्रमांक, रंग आणि विक्रीची तारीख होती. खर्च झेरॉक्सचाच झाला; पण हे काम जाहिरात देण्याच्या आधी सुरू करावे, म्हणजे घेणारा समोर असताना थांबावे लागत नाही.

१२ ऑक्टोबरला जाहिरात टाकली. फोटो सकाळच्या उन्हात, सायकलीची चेनकडची बाजू समोर ठेवून काढले. घासलेले दाते, टायरच्या चिरा आणि मिस्त्रींचे अंदाजपत्रक यांचेही फोटो दिले. फ्रेमचा आकार १८ इंच असून ती साधारण ५ फूट ७ ते ५ फूट १० इंच उंचीच्या माणसाला बसते, हेही लिहिले, त्यामुळे नको ते फोन बरेच कमी झाले. फ्रेमचा क्रमांक जाहिरातीत दिला नाही. तो समोरासमोरच दाखवावा.

पहिल्याच संध्याकाळी एका माणसाचा फोन आला. आपण महूच्या छावणीत आहोत, सायकल न पाहताच पूर्ण किमतीला घेतो, आगाऊ रक्कम पाठवतो, असे सांगून त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. पैसे घेण्यासाठी कधीच पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. मी फोन ठेवला आणि त्याचा क्रमांक ब्लॉक केला. कोणाचे पैसे असे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब कळवावे, उशीर करू नये.

दिवाळीपर्यंत चौकशा आल्या, पण बहुतेक ३,००० आणि ४,००० च्या. त्या दिवसांत मन डळमळले, हे खरे. रोज कोणीतरी निम्मा भाव सांगितला की आपला हिशेबच चुकला असे वाटू लागते. अशा वेळी वहीतली मांडणी पुन्हा वाचल्याचा मला उपयोग झाला, कारण त्यातला एकही आकडा बदलला नव्हता. शिवाय ऑक्टोबरच्या अखेरीपासून थंडी पडू लागली की इंदुरात सायकल चालवणाऱ्यांची संख्या वाढते, हे माहीत असल्यामुळे थांबायचे ठरवले.

९ नोव्हेंबरला, रविवारी, देवासचे एक गृहस्थ अभियांत्रिकीला असलेल्या मुलीला घेऊन आले. मुलगी उंच, सायकलीची माहिती असलेली. तिने स्वतः पुढचा ब्रेक दाबून फोर्क हलवून पाहिला आणि म्हणाली, “काकू, तुम्ही लिहिलंय तेवढीच खडखड आहे.” तिने कॉलनीत मोठी फेरी मारली, सगळे गिअर बदलून पाहिले. वडिलांनी ५,५०० सांगितले. मी वही समोर ठेवली. त्यांनी फोर्कच्या वजावटीबद्दल विचारले, मी सांगितले. त्यांनी टायर देवासला थोडे स्वस्त मिळतील असे सांगितले, तेही मला मान्य झाले. ६,३०० वर सौदा ठरला, आणि आवाज चढवण्याची वेळ दोघांवरही आली नाही, याचे मला खरेच समाधान वाटले.

पावती दोन प्रतींत लिहिली: दोघांची नावे व पत्ते, फ्रेमचा क्रमांक, रंग, चाकांचा आकार, रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, तारीख, आणि सायकल पाहून व चालवून, आहे त्या स्थितीत घेतली आहे, असे एक वाक्य. ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला १ रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लागते. ते मी टपाल कचेरीतून आधीच आणून ठेवले होते. स्वतःच्या वापरातली सायकल खासगीरीत्या विकताना जीएसटी लागत नाही, आणि ती वैयक्तिक वापराची वस्तू असल्यामुळे भांडवली नफ्याचाही प्रश्न येत नाही. मूळ बिल, दुकानाचे पत्र आणि मिस्त्रींचा कागद त्यांना दिला, आणि प्रत्येकाची झेरॉक्स माझ्याकडे ठेवली. रक्कम खात्यात जमा झाल्याचे मोबाइलच्या संदेशावर न थांबता बँकेच्या अ‍ॅपमध्ये उघडून पाहिले, मगच कुलपाची किल्ली दिली.

टेम्पोचे २५०, मिस्त्रींचे १,१०० आणि किरकोळ झेरॉक्स वजा जाता हाती ४,९०० च्या आसपास राहिले. दुकानदाराच्या ४,००० च्या सवलतीशी तुलना केली तर फरक फार मोठा नाही, आणि ज्यांना नवी सायकल घ्यायचीच आहे त्यांनी ती सूट घेणेही शहाणपणाचे ठरेल. आम्हाला नवी घ्यायची नव्हती. जाहिरात मी त्याच संध्याकाळी काढून टाकली. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने टायर घेताना दुकानातून फोन करून आकार विचारला, तेव्हा तिला २६ इंच असे न सांगता टायरच्या कडेवर छापलेला ५५९ हा आकडा पाहून घ्यायला सांगितले.